मशीन तर घेतली, पण पाना कोण धरणार?

आज सेप्टिक टँक उपसणाऱ्या गाडीबद्दल लिहितोय. विषय घाणीचा आहे, जेवताना वाचू नका. पण वाचा नक्की, कारण या विषयात माणसं मरतात आणि मरण्यामागचं कारण कधीकधी दोन लिटर ऑइल असतं.

आधी थोडा हिशोब. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या गावागावांत संडास झाले. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत मिशन सुरू झालं तेव्हापासून तर घरोघरी. सरकार सांगत होतं, दोन खड्ड्यांचा संडास बांधा. एक खड्डा भरला की दुसरा चालू करा, पहिला वर्ष-दीड वर्ष बंद ठेवा, आतल्या मैल्याचं खत होतं. ना गाडी लागते, ना माणूस. पण आपल्याला ते पटलं नाही. "खड्डा लवकर भरला तं?" या भीतीनं लोकांनी मोठमोठ्या टाक्या बांधल्या. सिमेंटच्या, बंद, वीस वर्षं बघायचं काम नको अशा. नियम सांगतो, सेप्टिक टँक दर दोन-तीन वर्षांनी उपसायला हवा. आपल्याकडे तो उपसतात घरात वास यायला लागल्यावर, किंवा धो धो पावसात पाणी उलटं यायला लागल्यावर.

म्हणजे आज सानगडीसारख्या मोठ्या गावात काय, साकोली-लाखनीत काय, जमिनीखाली शेकडो टाक्या भरत चालल्या आहेत. त्या उपसायला हवी गाडी. ट्रॅक्टरच्या मागं किंवा ट्रकवर बसवलेली, पंप आणि टाकी असलेली. सरकारचं म्हणणंही हेच की माणूस आत उतरवायचा नाही, मशीननं काम करायचं. ते शंभर टक्के बरोबर आहे.

माझा प्रश्न त्यापुढचा आहे. मशीन बंद पडली की काय?

*

आपल्या भंडारा-गोंदिया पट्ट्यातल्या एका कार्यालयाच्या आवारात अशी एक गाडी मी पाहिली. नाव सांगत नाही, कारण ही एका गावाची गोष्ट नाही. टायर जमिनीत रुतलेले, टाकीवर गवताचा वेल चढलेला, मागच्या झाकणाचं रबर उन्हानं फाटलेलं. मीटरवरचे किलोमीटर बघितले तर गाडी फार चाललीच नव्हती. तिथल्या चालकाला विचारलं, काय झालं?

तो म्हणाला, "भाऊ, गाडी चालते जी. पंप ओढत नाई."

"मग दुरुस्त का नाही केला?"

"कंपनीचा मानूस नागपूरवरून येईल मनतात. दोन साल झाले."

"तू उघडून पाहिलं का?"

"हात लावू नको मनले साहेब. वारंटी जाईल."

वॉरंटी एक वर्षाची होती. ती संपूनही वर्ष लोटलं होतं. पण "हात लावू नको" हा हुकूम मात्र अजून चालू होता.

यात तो चालक दोषी आहे असं मला वाटत नाही. गंमत बघा, हाच माणूस घरी धानाची शेती करतो. रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरचा बेल्ट तुटला तर बांधावर उभं राहून बदलतो. विहिरीवरच्या मोटरनं पाणी सोडलं तर ग्लँडची डोरी स्वतः भरतो. मळणीयंत्राचं बेअरिंग गेलं तर साकोलीहून आणून रात्रीतून बसवतो, कारण सकाळी ढग येणार असतात. आपल्या झाडीपट्टीत अर्धे शेतकरी अर्धे मेकॅनिक आहेत. त्यांना कुणी प्रमाणपत्र दिलं नाही, गरजेनं शिकवलं.

मग घरी पाना धरणारा हात कार्यालयात आल्यावर लुळा का पडतो? कारण घरी मशीन बंद पडली तर त्याचं नुकसान होतं. कार्यालयात बंद पडली तर त्याला फक्त एक अर्ज लिहावा लागतो. आणि पाना धरला नि काही बिघडलं, तर वसुली त्याच्या पगारातून. हुशार माणूस काय करील? अर्ज लिहील.

अर्ज बाबूकडे जातो. बाबू म्हणतो तीन कोटेशन लागतील. तीन कोटेशन येईपर्यंत साहेबांची बदली होते. नवे साहेब म्हणतात, मासिक सभेत ठराव घ्या. ठराव होतो, तोवर आचारसंहिता लागते. आचारसंहिता संपते तेव्हा पावसाळा सुरू असतो आणि गाडी चिखलातून निघत नाही. शेवटी एक दिवस ती "निर्लेखित" होते, म्हणजे भंगारात जाते. मग नवी गाडी मंजूर होते, नारळ फुटतो, रिबन कापली जाते, फोटो येतो. लोकार्पणाचा फोटो छापून येतो. ऑइल बदलल्याचा फोटो कधी छापून येत नाही. तो छापायची गरजही नाही. पण ऑइल बदललं याची नोंद कुठंतरी असायला हवी की नको?

*

आता ही मशीन म्हणजे काय ते समजून घेऊ. कारण "हे टेक्निकल काम आहे, आपल्याला काय कळतं" असं म्हणूनच आपल्याला गप्प बसवतात.

मैला उपसणाऱ्या गाडीत चार गोष्टी असतात. एक बंद लोखंडी टाकी. एक हवा ओढणारा पंप, ज्याला व्हॅक्यूम पंप म्हणतात. त्या पंपाला फिरवणारी ताकद, म्हणजे ट्रॅक्टरचा पीटीओ किंवा ट्रकचं इंजिन. आणि जाड पाइप. पंप टाकीतली हवा बाहेर काढतो, टाकीत पोकळी तयार होते आणि सेप्टिक टँकमधला मैला त्या पोकळीकडे धावतो. मैला पंपातून जात नाही, फक्त हवा जाते. हे एक वाक्य ज्याला कळलं त्याला अर्धी मशीन कळली. कारण पंपात मैला गेला की पंप मेला.

मैला पंपात जाऊ नये म्हणून टाकीच्या वरच्या तोंडाशी एक तरंगता गोळा असतो. टाकी भरत आली की तो वर चढतो आणि तोंड बंद करतो. त्याच्या पुढे आणखी एक छोटा डबा असतो, ओलावा अडवायला. गोळा घाणीनं चिकटला, डब्यात साचलेलं पाणी कुणी काढलंच नाही, की घाण थेट पंपात. गोळा धुवायला पाच मिनिटं लागतात. डब्याचा नळ उघडायला एक मिनिट. यासाठी नागपूरचा माणूस कशाला?

पंपाच्या आत सरकती पाती असतात. ती फिरताना भिंतीला घासतात, म्हणून त्यांना सतत ऑइल लागतं. ऑइल संपलं की पाती गरम होतात, अडकतात, भिंतीवर चरे पडतात. मग पंप फिरतो पण ओढत नाही. आमच्या त्या चालकाच्या गाडीचं नेमकं काय बिघडलं होतं ते पंप उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. पण ऑइलच्या काचेत ऑइल दिसत नव्हतं, हे मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

हीच रचना जगात दुसरीकडे वेगळ्या कामाला वापरतात. अमेरिकेत घरोघरी जाऊन गालिचे धुणारे लोक आहेत. त्यांच्या व्हॅनमध्ये अशीच मशीन बसवलेली असते. एक पंप गरम पाणी दाबानं सोडतो, दुसरा ते घाण पाणी ओढून टाकीत घेतो. तो माणूस इंजिनिअर नसतो, गालिचे धुणारा असतो. पण फिल्टर, ऑइल, बेल्ट, ग्रीस हे तो स्वतः बघतो. कारण मशीन एक दिवस बंद म्हणजे एका दिवसाची रोजी बुडाली. तिकडे घरातला गालिचा धुण्यासाठी माणूस रोज ऑइलची काच बघतो आणि इकडे माणसाचा जीव वाचवणाऱ्या मशीनची काच कुणी पुसतही नाही!

आणि अमेरिका कशाला, आपल्याच भागात बघा. खाजगी टँकरवाले आहेतच ना. जुना ट्रॅक्टर, मागं टाकी, रंग उडालेला. पण फोन केला की दुसऱ्या दिवशी हजर. त्यांची गाडी का बंद पडत नाही? बंद पडते, पण मालक संध्याकाळी स्वतः खाली झोपून ती सुरू करतो. या लोकांचे दोष आहेत. उपसलेला मैला रात्री नाल्यात नाहीतर पडीक रानात ओततात, आणि ते बंद झालंच पाहिजे. पण मशीन कशी जपायची हे शिकायचं असेल तर त्यांच्याकडूनच शिकावं लागेल.

*

मशीन बंद असते तेव्हा काय होतं, हे आता स्पष्ट लिहितो.

टाकी तर भरलेलीच असते. घरमालक थांबत नाही. कुणीतरी ओळखीचा माणूस शोधला जातो. तो कुठल्या वस्तीतून येतो हे मी सांगायची गरज नाही, तुम्हाला माहीत आहे. त्याला पाचशे-हजार रुपये आणि एक बाटली दिली जाते. झाकण उघडतं, तो आत उतरतो.

बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड वायू असतो. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त असला की नाकाची वास घ्यायची ताकदच जाते. म्हणजे "आता वास नाही, उतर" असं वाटतं तेव्हाच धोका सगळ्यात मोठा असू शकतो. पहिला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्या मागं तिसरा. म्हणून अशा बातम्यांत एकाच घरचे दोघं-तिघं गेलेले असतात.

२०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारं आणि सेप्टिक टँक साफ करताना देशात ३७७ माणसं मेली. हा सरकारनं संसदेत दिलेला आकडा आहे. ज्यांची नोंदच झाली नाही ते वेगळे.

कायदा नाही असं नाही. २०१३ चा कायदा म्हणतो की कुणालाही धोकादायक पद्धतीनं गटार किंवा सेप्टिक टँक साफ करायला लावणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर पाच वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मृतांच्या कुटुंबाला १० लाख द्यायला सांगितलं. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ते ३० लाख केले, कायमचं अपंगत्व आलं तर किमान २० लाख.

कायद्यात माणूस उतरवायला बंदी आहे, पण मशीन चालू ठेवायची जबाबदारी नेमकी कुणाची, हे आपल्या कार्यालयांत कुणाच्याच कागदावर नसतं. मशीन "उपलब्ध" आहे असा अहवाल वर जातो. अहवालात गाडी असते. पंप ओढतो की नाही हा रकाना नसतो.

दोन लिटर ऑइल आणि ३० लाख रुपये. यातलं कोणतं स्वस्त, हे सांगायला ऑडिटर लागत नाही. आणि गेलेला माणूस तर ३० लाखांतही परत येत नाही.

*

आपल्या जिल्ह्याला देखभालीचा धडा नवा नाही. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. कोहळी लोकांनी बांधलेले, मालगुजारांच्या काळात जपलेले हे मामा तलाव. पाळ कुठं खचली, पाणी कुठं झिरपतं, पाट कुठं तुंबला, हे गावालाच दिसायचं आणि गावच फावडं घेऊन जायचं. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली. ती गेली हे चांगलंच झालं, त्या पद्धतीत जुलूम होता. पण तिच्यासोबत तलावाची देखभालही गावाच्या हातून गेली आणि सरकारच्या फायलीत बसली. पुढे काय झालं ते आपण सगळे बघतोय. गाळ साचला, पाळी फुटल्या, तलावाच्या पोटात अतिक्रमणं झाली. तलाव सरकारचा झाला, म्हणजे कुणाचाच नाही.

मशीनचंही तेच होतं आहे. वस्तू ज्याच्या हाताखाली आहे त्याला तिची काळजी घ्यायचा हक्क द्या, पैसा द्या आणि जाबही विचारा. या तिन्हीतलं एक जरी कमी असलं तरी गाडी गवतात जाते.

हे जमतं, याची उदाहरणं आहेत. सातारा जिल्ह्यातल्या वाईत आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरमध्ये नगरपरिषदांनी ठरवून, पाळीपाळीनं, साधारण तीन वर्षांत गावातली प्रत्येक टाकी उपसायची पद्धत सुरू केली. तक्रार यायची वाट बघायची नाही. ठेकेदाराला पैसे कामाच्या हिशोबानं, गाडी उभी आहे म्हणून नाही. उपसलेला मैला प्रक्रिया केंद्रात जातो, नाल्यात नाही. अशा पद्धतीत गाडी बंद ठेवणं ठेकेदारालाच परवडत नाही. तोच पाना घेऊन धावतो.

दिल्लीत २०१९ मध्ये गटार साफ करणाऱ्या २०० गाड्या रस्त्यावर आल्या. त्या सफाई कामगारांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या मालकीच्या केल्या गेल्या. त्यामागे मिलिंद कांबळेंनी २००५ मध्ये पुण्यात सुरू केलेली दलित उद्योजकांची संघटना, डिक्की, होती. त्याआधी हैदराबादेत छोट्या गल्ल्यांत जाणाऱ्या गाड्यांचा असाच प्रयोग झाला. विचार साधा आहे. ज्याला पिढ्यान्पिढ्या टाकीत उतरवलं त्याच्याच नावावर मशीन करा. स्वतःच्या गाडीचं ऑइल कोण विसरेल?

*

आता काहीजण कमेंटमध्ये लिहितील. त्यांना आधीच उत्तर देतो.

"अडाणी माणसाच्या हातात मशीन दिली तर वाट लावील." राजेहो, मशीनची वाट हात लावल्यानं लागते तशी हात न लावल्यानंही लागते. सहा महिने उभी गाडी आतून गंजते, पाती चिकटतात, बॅटरी उतरते, रबर तडकतं. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं पंप फिरवला तरी हे टळतं.

"सुट्या भागाच्या नावाखाली पैसे खातील." खातील, जर नोंद नसेल तर. ऑइल किती, कधी, कोणी टाकलं, जुना बेल्ट कुठं आहे, हे वहीत लिहा आणि जुना भाग जमा करून घ्या. सहा महिन्यांनी गाडी भंगारात घालण्यात जो पैसा बुडतो त्यापेक्षा ही चोरी पकडणं सोपं.

"सगळंच घरी करायचं का मग?" नाही. आणि इथं मी स्वतः हद्द आखतो. तीन कामांना चालकानं हात लावायचा नाही. एक, टाकीला वेल्डिंग. मैल्याच्या टाकीत मिथेन असू शकतो, ठिणगी पडली तर स्फोट. ते काम जाणत्या वर्कशॉपमध्ये, टाकी पूर्ण धुऊन, हवा खेळवूनच. दोन, दाब सोडणारा व्हॉल्व्ह. तो "जरा आवळून" दाब वाढवायचा मोह होतो. तो व्हॉल्व्ह जीव वाचवायला आहे, काम वाढवायला नाही. तीन, गाडीच्या टाकीत उतरून सफाई. सेप्टिक टँकमध्ये उतरायचं नाही म्हणून गाडी आणली आणि गाडीच्याच टाकीत माणूस उतरवला तर मग काय मिळवलं? बाहेरून पाण्याच्या दाबानं धुवा.

जेटिंग मशीन असेल तर आणखी एक. तिच्या पाइपला बारीक छिद्र पडलं की नाही हे हातानं चाचपून बघू नका. तो दाब कातडी फाडून आत शिरतो. आणि पाण्याशिवाय तो पंप क्षणभरही चालवू नका, सील जळतात.

पीटीओच्या शाफ्टवर कव्हर हवंच. दुपट्टा, लुंगी, सैल बाही त्यात गेली तर सोडवायला वेळ मिळत नाही. मळणीच्या हंगामात हे अपघात आपल्याकडे नवे नाहीत.

*

बाकीचं सगळं मात्र चालकाचं आणि मदतनिसाचं काम आहे. पंपाच्या कंपनीचं पुस्तक आधी वाचा, ऑइल कोणतं नि किती ते त्यात असतं. पुस्तक इंग्रजीत असेल तर गावातल्या एखाद्या मास्तरांकडून मराठीत लिहून घ्या आणि गाडीच्या दारावर चिकटवा. साधारण यादी अशी:

रोज, काम सुरू करण्याआधी: पंपाच्या ऑइलची काच बघा. ओलाव्याच्या डब्यातलं पाणी काढा. पाइपची कपलिंग आणि आतलं रबर बघा.

रोज, काम संपल्यावर: टाकी आणि पाइप धुवा. तरंगता गोळा मोकळा हलतो का बघा. पंपात घाण गेल्याची शंका आली तर तो तसाच बंद करून घरी जाऊ नका. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे धुवून काढा, मग ऑइल द्या. बऱ्याच पंपांना हे डिझेलनं धुतात. रात्रभर घाण आत राहिली की सकाळी पंप जाम.

दर आठवड्याला: शाफ्टच्या सांध्यांना ग्रीस. बेल्टचा ताण. मागच्या झाकणाचं रबर. आणि एक सोपी परीक्षा: सगळे व्हॉल्व्ह बंद करून पंप चालवा, मीटरचा काटा वर चढू द्या, मग पंप बंद करा. काटा जागेवर राहिला तर सगळं ठीक. झरझर खाली आला तर कुठंतरी हवा शिरतेय. झाकण, कपलिंग, व्हॉल्व्ह, एकेक बघत जा. पंप खराब झाला म्हणून कंपनीला फोन करण्याआधी ही परीक्षा करा. बिघाड कित्येकदा पंपात नसतो, रबरात असतो.

कपाटात ठेवायच्या वस्तू: ऑइल, ग्रीस गन, एक जास्तीचा बेल्ट, झाकणाचं रबर, कपलिंगची रबरं, पात्यांचा एक संच, पान्यांचा संच. ही सगळी मिळून एका लोखंडी पेटीत मावतात.

*

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न ग्रामपंचायतीचे लोक विचारतात. पंधराव्या वित्त आयोगानं ग्रामीण संस्थांना दिलेल्या निधीतला ६० टक्के बंधित होता. त्यातला अर्धा पाण्यासाठी आणि अर्धा स्वच्छतेसाठी, हागणदारीमुक्तीचा दर्जा टिकवण्यासाठी. "टिकवण्यासाठी" म्हणजे देखभालच की! पण आपल्याकडे निधी म्हटला की बांधकाम दिसतं. नाली, पेव्हर ब्लॉक, कमान. कमानीवर नाव कोरता येतं. पंपाच्या पात्यावर कुणाचं नाव कोरणार?

म्हणून शेवटी मागणी, अगदी सरळ शब्दांत. ग्रामपंचायत असो की नगरपरिषद, मैला उपसणारी किंवा नाली साफ करणारी गाडी घेताना पाच गोष्टी ठरावात लिहून घ्या.

१. गाडी कुणाच्या ताब्यात, त्याचं नाव. "कार्यालय" हे नाव नाही.

२. गाडी देतानाच विकणाऱ्यानं चालक आणि मदतनिसाला पंप उघडून-जोडून दाखवायचा. एक दिवस नाही, येईपर्यंत. ते झाल्याशिवाय शेवटचं बिल नाही.

३. सुट्या भागांची पेटी गाडीसोबतच. आणि छोट्या दुरुस्तीसाठी चालकाच्या वरिष्ठाला ठरावीक रक्कम खर्च करायची मुभा, तीन कोटेशनशिवाय.

४. देखभालीची वही, जी ग्रामसभेत कुणीही बघू शकेल.

५. चालकाच्या पगारात देखभालीचा वेगळा भत्ता. पाना धरणाऱ्या हाताला दाम द्या. फुकट जबाबदारी कुणी घेत नाही आणि घेऊही नये.

ग्रामसभेत जाल तेव्हा एवढंच विचारा: आपल्या गावाला टाकी उपसायची गाडी कुठून येते, ती चालू आहे का, आणि तिचं ऑइल शेवटचं कधी बदललं? उत्तर नाही मिळालं तर दहा रुपयांचा माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहेच.

आणि तुमच्या घरची टाकी भरली, गाडी येत नाही म्हणाले, आणि कुणी म्हणालं "एक मानूस आहे, उतरते तो", तर नाही म्हणा. दोन दिवस वास सहन करा. गाडी बंद असेल तर कार्यालयात जाऊन बसा, दहा लोकांना सोबत न्या. पण झाकण उघडून माणूस आत सोडू नका.

तुमच्या गावातली गाडी कुठल्या स्थितीत आहे? चालू असेल तर चालकाचं कौतुक कमेंटमध्ये करा, त्याला ते क्वचितच ऐकायला मिळतं. बंद असेल तर किती दिवसांपासून, तेही लिहा.

#देखभाल #सफाईकामगार #भंडारा #ग्रामसभा